दीड हजारांचा हिशेब मागणारे आपण कोण?

गेल्या पंधरवड्यात खडकीतील आपल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत एक ठराव मांडला गेला. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेखाली स्त्रियांच्या खात्यांवर दरमहा जे दीड हजार रुपये जमा होतात ते रोखीने न देता धान्य, तेल, शालेय साहित्य अशा वस्तूंच्या रूपाने द्यावेत, कारण रोख रक्कम 'अनुत्पादक व चैनीच्या बाबींवर' खर्च होते, असा त्या ठरावाचा आशय होता. ठराव मांडणारे साथी कोणी उपटसुंभ नव्हेत. त्यांनी चळवळीत तीस-पस्तीस वर्षे घालवली आहेत, मोर्चात लाठ्या खाल्ल्या आहेत. अनुमोदन द्यायलाही दोन हात तत्परतेने वर आले. रात्र फार झाली म्हणून मतदान पुढील बैठकीवर ढकलले गेले, एवढ्यापुरता मी घड्याळाचा ऋणी आहे. मधल्या अवधीत या ठरावाविरुद्ध जे म्हणायचे ते जाहीरपणे म्हणावे, यासाठी हा लेखप्रपंच.

ठरावाचा उगम कोठे आहे हे मला ठाऊक आहे, कारण तो रोज सकाळी माझ्या कानांवर पडतो. खडकी स्टेशनच्या बाजूला चहाच्या एका टपरीपाशी आम्हा निवृत्तांचा कट्टा जमतो. त्यात दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले दोघे, एक बँकेतले, एक रेल्वेतले, एक महापालिकेतले आणि प्रस्तुत लेखक, निवृत्त प्राध्यापक. राजकारणाने आमचे दहा तुकडे केले आहेत. पण एका विषयावर आम्हा सर्वांचे आश्चर्यकारक एकमत असते. 'त्या बायका' पैसे उडवतात. हप्ता जमा झाला की बाजारात साड्यांच्या दुकानापुढे रांगा लागतात, मोबाईल येतात, भुवया कोरून घेतल्या जातात. एकाने तर आपल्याकडे धुणे करणारी बाई रिक्षातून उतरताना पाहिली होती! हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जो भाव होता तो चोरी पकडणाऱ्या हवालदाराचा होता. बसचे तिकीट परवडत असताना रिक्षाने येण्याचा अधिकार तिला कोणी दिला, असा त्यातला न बोललेला प्रश्न होता.

दुसऱ्याकडे बोट दाखवण्यापूर्वी माझ्या स्वतःच्या घरात काय घडले ते सांगितले पाहिजे. आमच्याकडे स्वयंपाकाला व भांड्यांना येणाऱ्या बाई बोपोडीच्या बाजूला राहतात, चार घरची कामे करतात. नवऱ्याने त्यांना कित्येक वर्षांपूर्वी टाकले आहे. एके दिवशी त्या आल्या त्या हातात बेकरीचा खोका घेऊन. मुलीचा दहावा वाढदिवस होता. "काका, चारशेचा घेतला. वर तिचं नाव लिहून घेतलंय. हा लाडक्या बहिणीच्या पैशातला हं," असे त्यांनी हसत सांगितले. मी तोंडाने "वा, छान" म्हटले. मनात मात्र म्हटले, चारशे रुपये! एवढ्यात किती वह्या आल्या असत्या, किती किलो डाळ आली असती. त्या गेल्यावर हे मी बोलूनही दाखवले. तेव्हा पत्नी म्हणाली, "अहो, आपल्या नातवाच्या वाढदिवसाला हॉलच घेतला होता ना? तेव्हा डाळीचा भाव नाही काढलात तो."

अर्थशास्त्र शिकवण्यात उभे आयुष्य गेले, आणि ज्या प्रश्नावर निरुत्तर झालो तो स्वयंपाकघरातून आला. त्या दिवसापासून कट्ट्यावर बसताना मला एक खोड लागली आहे. बोलणाऱ्याच्या खात्यात सरकारी तिजोरीतून महिन्याला किती येते, याचा मनातल्या मनात अंदाज करायचा. माझे निवृत्तिवेतन तिजोरीतूनच येते. महागाई वाढली की वर्षातून दोनदा त्यावर भत्ता चढतो. या रकमेतून मी काय करतो, असे आजवर कोणी विचारलेले नाही. मी पुस्तके घेतो की घोड्यांवर लावतो, याची शासनाला फिकीर नाही. वर्षातून एकदा मी जिवंत असल्याचे कळवले की शासन संतुष्ट असते. २०२३ च्या मार्चमध्ये राज्यातील सरकारी कर्मचाऱ्यांनी जुन्या पेन्शनसाठी संप केला, तेव्हा त्यांच्यावर टीका झाली ती बोजाची झाली. पेन्शन धान्याच्या रूपाने द्यावी, नाहीतर हे लोक सहली काढतील, असे म्हणणारा एकही टीकाकार मला आढळला नाही. आणि आमची खडकी तर छावणीचे गाव. येथे लष्करी कॅन्टीनमधून माजी सैनिकांना सवलतीच्या दरात इतर मालाबरोबर मद्याचा कोटाही मिळतो. सैनिकांनी तो घ्यावा, सुखाने घ्यावा; त्यांच्या हक्काबद्दल माझी तक्रार नाही. पण सवलतीची बाटली पिशवीत घालून परत जाणारा गृहस्थ वाटेत थांबून लाडक्या बहिणीच्या पैशांची दारू होते म्हणून हळहळतो, तेव्हा हसावे की रडावे ते कळत नाही.

यावर कट्ट्याचे उत्तर ठरलेले आहे: "आम्ही काम केले, ते फुकट घेतात." हे उत्तर जरा तपासले पाहिजे, कारण सारा भ्रम त्यात दडला आहे. चार घरची भांडी घासणे, पाणी भरणे, म्हाताऱ्या सासूची शी-शू काढणे, दोन मुले वाढवणे हे काम नव्हे काय? त्या कामाला ना सेवापुस्तिका, ना वेतनश्रेणी, ना निवृत्तीचे वय. आम्ही कामावर वेळेत पोहोचत होतो, कारण घरी कोणीतरी पहाटे पाचला उठत होते. दारूगोळा कारखान्याच्या भोंग्यावर दोन-तीन पिढ्यांचे घड्याळ चालले. त्या भोंग्याआधी डबा भरणाऱ्या हाताची नोंद कोणत्याही हजेरीपटावर नाही. समाजवाद्याने तरी 'काम' या शब्दाचा अर्थ आस्थापना विभागाकडून उसना घेऊ नये.

बरे, काम न करता तिजोरीतून पैसा घेणे या पुण्याला नवे आहे काय? पर्वतीच्या पायथ्याचा रमणा आजही पत्त्यात नाव टिकवून आहे. श्रावणात तेथे ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. शास्त्रात प्रावीण्य दाखवणाऱ्यास अधिक मिळे हे खरे. पण बहुसंख्यांची पात्रता जन्माने सिद्ध झालेली होती. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी आमच्या याच खडकीच्या माळावर लढाई झाली, पेशवाई बुडाली, राज्य बदलले. दक्षिणा मात्र बुडाली नाही. एल्फिन्स्टनने ती चालू ठेवली, कारण ती बंद करण्याची राजकीय किंमत त्याला कळत होती. १८४९ साली लोकहितवादी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्ज केला की या निधीतील काही भाग मराठीतील उपयुक्त ग्रंथांसाठी द्यावा, तेव्हा शहरात एवढा क्षोभ झाला की अर्जदारांच्या संरक्षणासाठी जोतीराव फुल्यांना माणसे घेऊन उभे राहावे लागले. दक्षिणेच्या रुपयाचे कोणी काय केले, तपकिरीत किती गेला, याचा हिशेब मागण्याची छाती कोणाची नव्हती. हिशेब हा नेहमी खालच्या पायरीवर उभ्या असलेल्याकडे मागितला जातो.

आणि तोही जुनाच आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला, कर्जरोखे जाळले. शेतकरी कर्जात का बुडाला, याचे उत्तर तेव्हाच्या शहाण्यासुरत्या मंडळींजवळ तयार होते: लग्नकार्यात उधळपट्टी करतो म्हणून. सरकारने आयोग नेमला. आयोग इंग्रजांचा, त्याला कुणब्याचा पुळका असण्याचे कारण नव्हते. पण चौकशीअंती त्यालाही लिहावे लागले की लग्नसमारंभांच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून नको तितके महत्त्व दिले गेले आहे. रोख सारा, अनिश्चित पाऊस, सावकाराचे व्याज आणि त्याच्या बाजूने निवाडा देणारी दिवाणी न्यायालये ही त्या कर्जाची खरी मुळे होती. पुढे 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीरावांनी या उधळपट्टीच्या आरोपाचा जो समाचार घेतला तो आपल्या कार्यकर्त्यांनी पुन्हा वाचावा. दीडशे वर्षे लोटली. कुणब्याच्या लग्नाच्या जागी मोलकरणीचा केक आला आहे, आरोपाचा मसुदा तोच आहे. फरक इतकाच की तो मसुदा आता आपल्या बैठकीत ठराव म्हणून वाचला जातो.

आता 'चैनीवर खर्च होतो' या विधानाकडे अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून पाहू. रुपयाला रंग नसतो. बाईंची चार घरची मजुरी आणि सरकारचे दीड हजार ही एकाच संसाराची जमा आहे. मजुरीतून खोलीभाडे, फी, किराणा जातो. उरल्यातून केक येतो. केक 'योजनेच्या' पैशातून आला आणि डाळ 'मजुरीच्या', असे म्हणायला आधार काय? बाईंनी ते तसे म्हटले, कारण मनातल्या मनात आपण सारेच पैशाला नावे ठेवतो. दिवाळीच्या बोनसचा पंखा, एरियर्सची अंगठी. परंतु तिच्या या निरागस वर्गीकरणाचा पुरावा करून तिलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा शुद्ध कांगावा आहे. खर्चाचा परिणाम पाहायचा तर रक्कम येण्यापूर्वीचा व नंतरचा सारा संसार पाहावा लागतो.

तसे पाहणारे अभ्यास झाले आहेत. २०११-१२ मध्ये मध्य प्रदेशात 'सेवा' संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने काही खेड्यांत सर्व रहिवाशांना, कोणतीही अट न घालता, दरमहा रोख रक्कम दिली: प्रारंभी प्रौढास दोनशे, मुलामागे शंभर. तुलनेसाठी रक्कम न मिळणारी खेडीही पाहिली. दारूचा खर्च वाढल्याचे आढळले नाही. आहार सुधारला, मुलांची शाळेतील उपस्थिती सुधारली, आणि लोकांनी काम सोडले नाही, उलट स्वतःच्या शेतावर व धंद्यात अधिक केले. केनियामध्ये हौशोफर व शापिरो यांनी असाच प्रयोग तपासला, त्याचा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला: दारू-तंबाखूचा खर्च वाढला नाही, पैसा गेला तो गुराढोरांत आणि गवती छपराच्या जागी पत्रे घालण्यात. जागतिक बँकेतील इव्हान्स व पोपोव्हा यांनी निरनिराळ्या खंडांतील असे अनेक अभ्यास एकत्र चाळून २०१४ मध्ये हेच सांगितले. जागतिक बँक ही काही आपल्या विचाराची संस्था नव्हे. तेव्हा निदान तिची साक्ष पक्षपाती म्हणून फेटाळता येणार नाही.

आपल्या देशाच्या २०२२-२३ च्या कुटुंब-खर्च पाहणीत पान, तंबाखू व मादक पदार्थ मिळून ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात शंभरातले चारही रुपये भरत नाहीत. शहरात तर अडीचच्या आत. दारूचा खर्च लोक लपवतात, म्हणून हे आकडे थोडे वाढवून घ्या, हरकत नाही. दुप्पट करा. तरीही 'सारा पैसा गुत्त्यात जातो' हे विधान त्यातून निघत नाही. नवरा पैसे हिसकावून पितो, असे घडत नाही काय? घडते. त्या प्रसंगी बाईच्या बाजूने उभे राहण्याचे काम आपले आहे. तिचे खाते बंद करून तो नवरा सुधारत नाही.

मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या आरोपाची, कारण त्यामागे हितसंबंध उघड दिसतात. "या पैशामुळे कामाला बायका मिळेनाशा झाल्या." बागाईतदार हे म्हणतो, सोसायटीच्या वाळूचित्रांसारख्या स्वच्छ दिवाणखान्यात बसून गृहिणी हे म्हणते, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये शहरी बेघरांच्या निवाऱ्याची याचिका ऐकताना सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठानेही, या योजनेचा उल्लेख करून, फुकट धान्य व पैसा मिळाल्याने लोक काम करायला तयार नसतात असा तोंडी शेरा मारला. महिन्याचे दीड हजार म्हणजे दिवसाचे पन्नास रुपये. पन्नास रुपयांच्या आधारावर जी स्त्री तुमच्या कामाला नकार देऊ शकते, तिला तुम्ही देत होता तरी काय? ती कामाला नकार देत नाही, त्या दराला नकार देते. मालकाला हे दोन नकार वेगळे ओळखता येत नाहीत, कारण दुसरा नकार ऐकण्याची त्याला सवय नाही.

आपल्या पिढीने हे नाटक एकदा पाहिले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना राज्यभर पसरली, तिचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला. तिच्या खर्चासाठी १९७५ पासून शहरी पगारदारांवर व्यवसाय कर बसला. तेव्हा बागाईतदार म्हणत, मजूर रोहयोवर जातात, आमच्या उसाला कोण पाणी देणार? आणि शहरातला कारकून पगारपत्रकातला तो कापलेला आकडा दाखवून म्हणे, खडी फोडण्याचे नाटक करणाऱ्यांना आम्ही पोसतो. खडीवरचा मजूर आळशी, बांधावरचा मजूर महाग, आणि घरी बसलेला मजूर ऐतखाऊ! गरिबाने नेमके कसे वागले म्हणजे या मंडळींचे समाधान होईल, हे त्यांनी एकदा लिहून द्यावे. रोजगार हमीच्या बाजूने त्या काळी डावे, समाजवादी, सर्वोदयी सारे उभे राहिले, हा आपला अभिमानाचा वारसा आहे. त्या वारशात वस्तुरूप मदतीचा हा ठराव कोठे बसतो?

वस्तुरूपाबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. रेशनच्या धान्याला माझा विरोध नाही. भाव कितीही चढला तरी पाच किलो हे पाच किलोच राहतात, ही धान्याची थोरवी रोखीला नाही. रेशन मोडून त्याजागी रोख देण्याचा डाव पुढे येईल तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांत मी असेन. पण येथे प्रश्न वेगळा आहे. हाती असलेली रोख काढून घेऊन तिच्या जागी सरकारने निवडलेली वस्तू द्यावी, असे आपण म्हणतो आहोत. वस्तू कोण निवडणार? खरेदी कोण करणार? २०२४-२५ च्या शालेय वर्षात राज्यभर एकच गणवेश मध्यवर्ती पद्धतीने शिवून देण्याचा घाट घालण्यात आला. शाळा सुरू होऊन महिने लोटले तरी पोरे जुन्याच कपड्यांत. आले ते कोणाला घट्ट, कोणाला ढगळ. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने तो निर्णय फिरवला आणि खरेदी पुन्हा शाळा समित्यांकडे दिली. आपल्या पोराच्या छातीचे माप मंत्रालयापेक्षा त्याच्या आईला अधिक ठाऊक असते, एवढेच त्यातून सिद्ध झाले. वस्तू म्हटली की निविदा आली, निविदा म्हटली की ठेकेदार आला. गरिबाच्या नावाने ठेकेदाराला अनुदान देण्याचा ठराव आपल्याच शाखेने करावा, हे मला सोसवत नाही.

एवढे म्हटल्यावर काही साथी विचारतील, म्हणजे ही योजना तुम्हाला मान्य आहे काय? अजिबात नाही, निदान ज्या रूपात ती आली त्या रूपात. २८ जून २०२४ रोजी ती अर्थसंकल्पात जाहीर झाली. १७ ऑगस्टला येथून जवळ, बालेवाडीच्या क्रीडानगरीत, तिचा समारंभ झाला. २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान. बहिणीचे प्रेम इतके नेमक्या मुहूर्तावर दाटून यावे याला योगायोग म्हणण्याइतके आपण भोळे नाही. मतदानापूर्वी अर्जाची छाननी करायला सरकारला सवड नव्हती. एकवीसशे रुपये देण्याचे वचन मात्र घाईघाईने दिले गेले. मते पेटीत पडल्यावर चाळणी बाहेर निघाली. २०२५ च्या जुलैपर्यंत २६ लाखांहून अधिक खात्यांचे हप्ते थांबवले गेले. त्यांत चौदा हजारांवर पुरुष निघाले, त्याआधी दोन हजारांवर सरकारी नोकर स्त्रिया निघाल्या. हे लबाड होतेच, त्यांचे समर्थन कोण करील? पण वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर त्या पुरुषांची छी-थू झाली आणि त्या गोंगाटात बाकीच्या लाखोंचे काय झाले, त्यांतल्या किती खरोखर अपात्र होत्या, हे विचारायला कोणी उरले नाही. आपण तरी विचारले काय?

दुसरी गोष्ट. १९८० मध्ये अंतुल्यांच्या कारकीर्दीत निराधारांसाठी अनुदान योजना आली. मी तेव्हा एम. ए. च्या वर्गात होतो, आणि तिला दिलेले संजय गांधींचे नाव घशाखाली उतरत नव्हते; पण योजना हवी होती यात शंका नव्हती. त्या योजनेत निराधार ठरायचे तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असावे, अशी अट वर्षानुवर्षे राहिली. महिन्याला साडेसतराशे. अनुदान २०२३ मध्ये दीड हजारांवर गेले. आणि नव्या योजनेत तेच दीड हजार अडीच लाख उत्पन्नापर्यंतच्या कुटुंबातील स्त्रीला. त्या स्त्रीला ते मिळू नयेत असे मी म्हणत नाही. मी विचारतो ते इतकेच की विधवा, अपंग, टाकलेली म्हातारी हिच्यासाठी उत्पन्नाची पट्टी इतकी आखूड का? ती संघटितपणे मतपेटीकडे जात नाही म्हणून काय? केंद्र सरकारच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील वाटा तर ऐंशीच्या आतील वृद्धामागे दोनशे रुपये ठरला तो २००७ च्या सुमारास, आणि दीड दशकाहून अधिक काळ तो तसाच राहिला. २०२५ मध्ये सामाजिक न्याय व आदिवासी विकास या खात्यांचे शेकडो कोटी रुपये या योजनेकडे वळवले गेले, त्यावर खुद्द एका मंत्र्याने जाहीर नाराजी व्यक्त केली. दलित-आदिवासींच्या ताटातले काढून बहिणीच्या ताटात वाढायचे, ही कसली ओवाळणी? टीका करायची तर हा माल भरपूर आहे. साड्यांच्या दुकानापुढे जाऊन उभे राहण्याची गरज नाही.

आणि तिजोरीच्या बोजाची चिंता करणाऱ्यांना एक आकडा सांगून ठेवतो. २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात या योजनेसाठी ३६ हजार कोटींची तरतूद होती. रक्कम मोठी आहे, यात वाद नाही. २० सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने कंपन्यांवरील कराचे दर उतरवले. त्यामुळे वर्षाला एक लाख ४५ हजार कोटींचे उत्पन्न सुटेल, असे अर्थमंत्र्यांनीच सांगितले होते. म्हणजे या योजनेची चार वर्षे. आपल्या राज्यात उद्योगांना प्रोत्साहने देणारी सामूहिक योजना १९६४ पासून नवनव्या अवतारांत चालली आहे. मिळालेल्या सवलतीतून कारखानदाराने यंत्र घेतले की मुलीच्या लग्नात परदेशी फुले मागवली, याचा हिशेब मागणारा कट्टा मी अजून पाहिलेला नाही. तेथे शब्दही वेगळे असतात: तेथे ते 'प्रोत्साहन', येथे ती 'रेवडी'.

आता केकच्या बाईंकडे परत येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने सर्व लाभार्थींना ई-केवायसीची सक्ती केली, आणि तीत स्त्रीच्या आधारबरोबर तिच्या पतीच्या अथवा पित्याच्या आधारचीही पडताळणी मागितली. ज्या बाईचा बाप वारला आहे आणि नवरा वर्षानुवर्षे बेपत्ता आहे, तिने कोणाच्या अंगठ्यावर आपली ओळख पटवावी? पुढे अशा स्त्रियांसाठी वेगळी वाट जाहीर झाली, मुदतही वाढली. पण ती वाट कोठून जाते हे त्यांना सांगणारा कोणी नव्हता. आमच्या बाई तीन दिवसांची मजुरी बुडवून एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात हेलपाटे घालत होत्या. त्याच आठवड्यात आपली बैठक भरली, आणि तीत आपण चर्चा केली ती त्या पैशांचे काय करतात याची. त्या पैशांसाठी त्यांना काय करावे लागते, हा विषय पत्रिकेवर नव्हता. बैठकीला बावीस जण होतो. त्यांतले निम्मे जरी दोन दिवस खडकी-बोपोडीच्या वस्त्यांत कागद घेऊन फिरले असते, तर कितीतरी खाती वाचली असती.

मी एकदा त्यांना विचारले होते की हे पैसे आल्याने फरक काय पडला. माझा प्रश्न पुस्तकी होता; वह्या, दूध, औषध असे काही उत्तर येईल अशी अपेक्षा होती. त्या म्हणाल्या, "काका, चार घरचा पगार घरी नेला की सासू मोजते. हे पैसे कुणी मोजत नाही." नवरा गेला तरी सासूला त्यांनीच सांभाळले आहे, हे मला तेव्हा प्रथम कळले. न मोजले जाणारे दीड हजार. आपला ठराव मंजूर झाला तर ते मोजायला आणखी एक सासू बसेल, आणि तिच्या हातात आपले निशाण असेल.

पुढील बैठकीत मूळ ठरावावर मी दुरुस्ती मांडणार आहे. रक्कम रोखीनेच द्यावी. तिला कायद्याचा आधार द्यावा व ती महागाईशी जोडावी. निराधार योजनेची उत्पन्नमर्यादा नव्या योजनेच्या बरोबरीने आणावी. सामाजिक न्याय व आदिवासी विकासाचा वळवलेला निधी परत करावा. ज्या स्त्रीचा हप्ता थांबवायचा तिला आधी लेखी कारण द्यावे व तिचे म्हणणे ऐकावे. आणि शाखेने दर रविवारी सकाळी बाजारात मदतीचे टेबल मांडावे. शेवटच्या कलमासाठी नावे देणाऱ्यांच्या यादीत पहिले नाव मी माझे घातले आहे. दुरुस्तीची प्रत चिटणीसांकडे दिली असून अनुमोदक अद्याप मिळायचा आहे.